अस्सल आणि नक्कल : सामन्यात वापरलेल्या क्रिकेट जर्सीचे ऐतिहासिक परीक्षण

प्रस्तावना

रत्नागिरी शहरातून दक्षिणेकडे निघून काजळी नदीच्या मुखावरील पूल ओलांडला की भाट्ये गाव लागते. सुरूचे बन, त्यापलीकडे समुद्र, गावातील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आणि झरी विनायकाचे देऊळ ही या गावाची ओळख होय. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या घट्ट वाळूवर सायंकाळी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर भारतीय संघाच्या निळ्या जर्सी दिसतात. कोणाच्या पाठीवर १८, कोणाच्या पाठीवर ४५, तर कोणाच्या पाठीवर ७ हा क्रमांक असतो. या जर्सी कोहली, रोहित शर्मा वा धोनी यांनी घातलेल्या नाहीत, हे घालणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. त्यामुळे तेथे फसवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न उद्भवतो तो अशीच एखादी जर्सी काचेच्या चौकटीत बसवून तिच्याखाली ‘प्रत्यक्ष सामन्यात परिधान केलेली’ अशी पट्टी लावली जाते तेव्हा.

गेल्या काही दशकांत क्रीडावस्तूंचा संग्रह हा एक मोठा व्यवहार झाला आहे. धर्मादाय लिलाव, खाजगी संग्रह, क्लबांची दालने आणि क्रीडासंग्रहालये या सर्व ठिकाणी खेळाडूंच्या वस्त्रांना स्थान मिळू लागले आहे. पुण्यात २०१२ पासून क्रिकेटच्या वस्तूंचे एक स्वतंत्र संग्रहालयच आहे. अशा परिस्थितीत एखादी जर्सी खेळाडूने मैदानावर घातलेली आहे, की दुकानातून आणलेली आहे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्यात पैसा तर गुंतलेला असतोच, परंतु ज्या खेळाडूंविषयी लिखित साधने फारशी उरलेली नाहीत त्यांच्या बाबतीत वस्त्र हेच इतिहासाचे साधन ठरू शकते, आणि खोटे साधन खऱ्या साधनाची जागा अडवते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील क्रिकेटच्या संदर्भात केला आहे.

अस्सल, नक्कल आणि बनावट

मराठी इतिहाससंशोधनाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे शब्द अभ्यासकांच्या नित्य वापरात आहेत. कागद कोणता, शाई कशी, वळण कोणाचे, शिक्का योग्य जागी आहे काय, हे बहिरंग परीक्षण. मजकुरातील तिथी, नावे आणि घटना अन्य साधनांशी जुळतात काय, हे अंतरंग परीक्षण. पत्राच्या शेवटी मोर्तब करण्याची पद्धत तरी कशासाठी होती? मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, यासाठीच. जर्सीला दुर्दैवाने मोर्तब नसते.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. नक्कल म्हणजे लबाडी नव्हे. जुन्या पत्रांच्या नकला प्रामाणिकपणे केल्या जात आणि त्या नकला म्हणूनच ठेवल्या जात. दुकानात मिळणारी जर्सी ही या अर्थाने प्रामाणिक नक्कल आहे. तिच्याविषयी खोटे विधान केले गेले की ती बनावट होते. वस्त्र तेच राहते, त्याच्यासोबतचे वाक्य बदलते. म्हणून परीक्षण करावयाचे ते वस्त्राइतकेच त्या वाक्याचे.

शिवाय अस्सल आणि विक्रीची यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग असतो, तो म्हणजे खेळाडूसाठी तयार केलेली, त्याला दिलेली, परंतु सामन्यात कधीच न घातलेली जर्सी. एका दौऱ्यासाठी खेळाडूला अनेक जर्सी मिळतात. मापही त्याचेच, शिलाईही तीच, नावही तेच. तरीही ती मैदानावर गेलेली नसते. दुकानी नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे असते. या तिसऱ्या वर्गापुढे मात्र भले भले जाणकार अडखळतात. त्यातच ‘ऑथेंटिक’ हा शब्द बाजाराने आपलासा केला आहे. २०२३ मध्ये आदिदास कंपनीने भारतीय संघाच्या एकदिवसीय सामन्यांची जर्सी विक्रीस आणली, तेव्हा ४,९९९, २,९९९ आणि ९९९ रुपये अशा तीन किमतींचे तीन प्रकार होते, आणि त्यांतील सर्वांत महागड्या प्रकाराचे नावच ‘ऑथेंटिक’ होते. कापड खेळाडूच्या जर्सीसारखे आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. काही वर्षांनी ती जर्सी तिसऱ्या हाती जाईल, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय घेतला जाईल, हे सांगणे कठीण नाही. स्वाक्षरीचीही तीच गत आहे. खेळाडू दुकानातून आणलेल्या जर्सीवरही आनंदाने सही करतो. सही खरी असली म्हणून जर्सी सामन्यातील ठरत नाही.

पांढऱ्या पोशाखाचा काळ

क्रिकेटचा पोशाख दीर्घकाळ पांढरा होता आणि त्यावर नाव वा क्रमांक नव्हता. या कालखंडातील सदरा आज कोणी दाखवला, तर तो अमुक खेळाडूचा आहे असे वस्त्र स्वतः सांगू शकत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण पळवणकर बाळू यांचे होय. कोकणातील पळवण या गावावरून ज्यांचे आडनाव पडले, अशा चर्मकार कुटुंबातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात खेळत असताना मैदानावर त्यांच्या अंगावर इतरांसारखाच पांढरा पोशाख असे, चहा मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, तोवर बाळूंची उमेदीची वर्षे सरली होती. जो पोशाख मैदानावर सर्वांना सारखे करीत होता, त्याने कोणाचीही वेगळी खूण मागे ठेवली नाही. बाळूंचा म्हणून उद्या एखादा सदरा पुढे आला, तर त्याला आधार द्यावा लागेल तो कुटुंबातील परंपरेचा, पत्रांचा वा छायाचित्राचा. सुताचा धागा त्याबाबत मौन बाळगेल.

अर्थात धागा काही वेळा ‘नाही’ असे म्हणू शकतो. पॉलिएस्टरचा शोध १९४० च्या दशकातील आणि त्याचा सर्रास वापर त्यानंतरचा. १९११ चा म्हणून दाखवलेल्या सदऱ्याची मूळ शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल, तर तेथेच विचार थांबतो. कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून कारखान्यात वापरली जाणारी रसायने अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. जुन्या सुती कापडात ती नसतात. मात्र तोच जुना सदरा नंतर कोणी आजच्या धुण्याच्या पावडरीत भिजवला असेल, तर तोही चमकतो. तेव्हा या कसोटीवरून घाईने निर्णय देऊ नये.

महाराष्ट्रात हे वस्त्रधन टिकले नाही, याची कारणे घरगुती आहेत. सदरा, विजार आणि स्वेटर ही खेळाडूच्या मालकीची, बहुधा शिंप्याकडून शिवून घेतलेली साधी वस्त्रे होती. ती धुतली जात, त्यांना नीळ दिली जाई, ती धाकट्या भावाच्या अंगावर जात आणि शेवटी पुसण्याचे फडके होत. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग घ्या. तिच्यातील सामन्याचा खरा पुरावा म्हणजे विजारीवर गुडघ्यापर्यंत चढलेला मैदानाचा चिखल. पण घरातील माणसांच्या दृष्टीने तो पुरावा नसून मळ होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो घासून काढला जाई. संग्राहकाला हळहळ वाटेल, परंतु त्या घरातील बाईला दोष देता येणार नाही.

टिकल्या त्या टोप्या, ब्लेझर आणि बोधचिन्ह असलेले स्वेटर. या वस्तूंवर मंडळाचे चिन्ह असे, त्या समारंभपूर्वक दिल्या जात आणि म्हणून जपल्याही जात. १९४७-४८ मध्ये भारतीय संघ प्रथमच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. त्या मालिकेत डॉन ब्रॅडमन यांनी ७१५ धावा काढल्या. त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना प्रत्येक मालिकेसाठी नवी टोपी मिळत असे. त्या मालिकेतील आपली टोपी ब्रॅडमन यांनी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना भेट दिली, असे सांगणारी एक हिरवी टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे लिलावात विकली गेली. बोली ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर थांबली. टोपीचा रंग उन्हाने विटलेला होता, तिला कीड लागलेली होती. बाजारातील नव्या कोऱ्या वस्तूचे हे दोष ठरले असते, येथे ते वयाचे साक्षीदार झाले.

ही टोपी त्या मालिकेतील ज्ञात असलेली एकमेव टोपी असल्याचे तेव्हा म्हटले गेले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये त्याच मालिकेतील, ब्रॅडमन यांनी भेट दिलेली दुसरी टोपी लिलावात आली. ही टोपी महाराष्ट्राकडून खेळलेले आणि चार कसोटी सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केलेले रंगा सोहोनी यांच्या कुटुंबात पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ होती. आत ब्रॅडमन आणि सोहोनी या दोघांची नावे होती. घरातील मुलाला सोळा वर्षे पूर्ण झाली की ती टोपी पाहावयास मिळे, तीही पाच मिनिटे, अशी हकीकत त्या वेळी प्रसिद्ध झाली. दोन टोप्या पुढे आल्या म्हणून दोहोंपैकी एक खोटी, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ‘ज्ञात असलेली एकमेव’ हे विधान टोपीविषयी नसते, आपल्या माहितीविषयी असते. सोहोनी कुटुंबाच्या टोपीला बळ मिळते ते मुख्यतः अखंड ताब्यामुळे. ती एका घरातून बाहेर गेली नाही, आणि घरातील पिढ्यांना ती कोठे आहे हे माहीत होते. पाच मिनिटांचा तो नियम म्हणजे एक प्रकारे घरगुती मोर्तबच म्हणावयास हवे.

रंगीत पोशाख आणि कालविसंगती

केरी पॅकर यांच्या स्पर्धेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत पोशाख, पांढरा चेंडू आणि प्रकाशझोतातील सामने आणले. भारतीय संघाने १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली ती निळ्या पोशाखात. १९८३ चा विश्वचषक मात्र पांढऱ्या पोशाखात जिंकलेला होता, ही साधी गोष्ट अनेकांच्या स्मरणातून निसटते. त्या विजयाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या निळ्या जर्सीला म्हणूनच फार काळ न्याहाळण्याची गरज नसते. १९९२ च्या विश्वचषकात प्रथमच सर्व संघ रंगीत पोशाखात उतरले आणि पाठीवर खेळाडूंची नावे आली. भारताची ती गडद निळी जर्सी आजही लोकप्रिय असून तिच्या नव्या प्रतिकृती सतत निघत असतात. परंतु १९९२ आणि १९९६ च्या विश्वचषकांत पाठीवर क्रमांक नव्हते. विश्वचषकात क्रमांक आले ते १९९९ मध्ये. म्हणजे १९९२ ची म्हणवणारी आणि पाठीवर १० हा आकडा मिरवणारी जर्सी प्रतिकृतीच होय.

कसोटी सामन्यांत नावे आणि क्रमांक आले ते त्याहूनही उशिरा, ऑगस्ट २०१९ मध्ये. हा एक दिनांक लक्षात ठेवला तर बऱ्याच बनावट वस्तू आपोआप बाद होतात. सचिन तेंडुलकर यांचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना १४ ते १६ नोव्हेंबर २०१३ या काळात वानखेडे स्टेडियमवर झाला. त्या सामन्यातील म्हणून दाखवलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर आडनाव आणि १० असेल, तर तो सदरा कोणी कितीही श्रद्धेने जपलेला असो, तो त्या सामन्यातील नव्हे.

१० या क्रमांकाची कथा आणखी थोडी गुंतागुंतीची आहे. तेंडुलकर यांचा अखेरचा एकदिवसीय सामना मार्च २०१२ मध्ये मीरपूर येथे झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी कोलंबो येथे पदार्पण केले ते १० क्रमांकाची जर्सी घालून. त्यावर चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली, ठाकूर यांनी पुढे ५४ हा क्रमांक घेतला आणि १० हा क्रमांक कोणास न देण्याचे नियामक मंडळाने अनौपचारिकपणे ठरवले. तेव्हा भारताची, सामन्यात वापरलेली, १० क्रमांकाची जर्सी सर्वस्वी खरी असूनही तेंडुलकर यांची नसण्याची शक्यता उरतेच.

प्रायोजकाचे नाव हाही कालनिर्णयाचा चांगला आधार आहे. जर्सीच्या छातीवर २०१३ अखेरपर्यंत सहारा, त्यानंतर स्टार, २०१७ पासून ओप्पो, २०१९ पासून बायजूज आणि २०२३ पासून ड्रीम इलेव्हन असा हा क्रम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा झाला आणि ड्रीम इलेव्हनचे प्रायोजकत्व संपले. सप्टेंबरमधील आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचे नाव न लावता खेळला. त्यानंतर अपोलो टायर्सचे नाव आले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांचा नियम याहून वेगळा आहे. तेथे छातीवर देशाचे नाव ठळक असते आणि प्रायोजकाला बाहीवर जावे लागते. २०११ च्या विश्वचषकातील अंतिम सामन्याची म्हणून विकली जाणारी जर्सी छातीवर सहारा हे नाव मिरवीत असेल, तर ती त्याच वर्षातील खरी जर्सी असली तरी त्या सामन्यातील नसते. मंडळाच्या चिन्हावरील तारे जिंकलेल्या विश्वचषकांचे असतात. विजयापूर्वीच्या जर्सीवर विजयाचा तारा असू शकत नाही हे उघड आहे, तरी घाईत केलेल्या नकलांमध्ये अशी चूक आढळू शकते.

वापराच्या खुणा

कालविसंगतीच्या कसोटीतून उतरलेली जर्सी मग हाती घेऊन पाहावी लागते. क्रिकेट हा धक्काबुक्कीचा खेळ नसल्याने खुणा सौम्य असतात. झेप घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या कोपरावर आणि बरगडीच्या बाजूस गवताचा हिरवट डाग, गोलंदाजाच्या खांद्याच्या शिवणीवर ताण, मानेभोवती घामाच्या मिठाची पुसट रेघ, गळपट्टीवर पांढऱ्या मलमाचा अंश, वारंवार धुण्याने नावाच्या अक्षरांना गेलेल्या बारीक चिरा अशा त्या असतात. लाल चेंडू मांडीवर घासून चकाकी राखली जाते, त्याचा तांबूस पट्टा विजारीवर उमटतो. हा पट्टा पांढऱ्या पोशाखावर अपेक्षित आहे. पांढऱ्या चेंडूने खेळलेल्या एकदिवसीय सामन्याच्या निळ्या विजारीवर तो आढळला, तर मात्र तो कोठून आला याचा खुलासा मागितला पाहिजे.

तथापि डाग पाडणे ही काही मोठी कला नव्हे. भाट्याच्या वाळूत दोन संध्याकाळी खेळलेली दुकानी जर्सीही घामेजते, मळते, उसवते. वापराची खूण ‘वापर झाला’ एवढेच सांगते. कोणी आणि कोणत्या सामन्यात, हे सांगत नाही.

अमेरिकेत या शास्त्राचा विकास अधिक झाला, कारण तेथे बाजारही मोठा आणि बनावटही मोठी. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडू छाती-खांद्यावर जाड कवच घालतात. त्यामुळे सामन्याच्या जर्सीची बेतणी दुकानातील जर्सीहून मुळातच वेगळी असते. खांदे कवचावर ताणून बसतील असे, बाह्या आखूड आणि घट्ट, आणि फाटल्यावर संघाच्या कर्मचाऱ्यांनी घाईने घातलेले टाके. दुकानातील जर्सी मात्र सामान्य माणसाच्या अंगाला बेतलेली आणि सैल. क्रिकेटमध्ये हा आधार जवळजवळ नाही, कारण क्रिकेटपटू आणि प्रेक्षक यांची शरीरे सदऱ्यात सारखीच मावतात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बनावट स्वाक्षऱ्यांच्या मोठ्या टोळ्या उघडकीस आल्यावर २००१ पासून वस्तू मैदानावरच त्रयस्थ साक्षीदारासमोर घेऊन तिला क्रमांकित चकाकती पट्टी लावण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे मोर्तबच!

जुन्या वस्तूंसाठी छायाचित्राशी ताडून पाहण्याची पद्धत वापरली जाते. पट्टे शिवणीपाशी कसे तुटतात, अक्षर किती वाकडे लागले आहे, बिल्ला कोठे सरकला आहे, या गोष्टी प्रत्येक जर्सीत किंचित वेगळ्या असतात. २०२४ मध्ये बेब रूथ यांची १९३२ च्या अंतिम मालिकेतील जर्सी २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलरला गेली ती अशा ताडणीच्या बळावर. डिएगो मॅराडोना यांच्या जर्सीचे उदाहरण तर फारच उद्बोधक आहे. १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध घालण्यासाठी अर्जेंटिनाच्या संघाला हलक्या निळ्या जर्सी हव्या होत्या. त्या ऐन वेळी मेक्सिको सिटीतील दुकानातून विकत आणल्या गेल्या, त्यांवर बिल्ले शिवले गेले आणि चकचकीत रुपेरी आकडे इस्त्रीने चिकटवले गेले. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध जर्सींपैकी एक मुळात दुकानी मालच होती. सामन्यानंतर ती इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज यांच्याकडे गेली. २०२२ मध्ये ती लिलावात आली तेव्हा मॅराडोना यांच्या कुटुंबीयांनी, ती गोल झाले त्या उत्तरार्धातील नसून पूर्वार्धातील असल्याचा आक्षेप घेतला. छायाचित्रांशी बारकाईने ताडून ती उत्तरार्धातीलच असल्याचा निर्वाळा देण्यात आला आणि ती ७१ लाख पौंडांना विकली गेली. दुकानी आणि अस्सल हे दोन परस्परविरोधी वर्ग आहेत, ही समजूत या एका वस्त्राने मोडीत काढली आहे. अस्सलपणा कापडात विणलेला नसतो. विशिष्ट दिवशी, विशिष्ट अंगावर ते कापड होते, या घटनेत तो असतो.

कायद्याची बाजू

भारतात या घटनेला कायद्याचे संरक्षण फारसे नाही. पुरावस्तू आणि कलासंपत्ती अधिनियम, १९७२ साधारणतः शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूंना लागू होतो. बाळूंच्या काळातील एखादे वस्त्र सोडले तर क्रिकेटची बहुतेक वस्त्रे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. परंतु तो कायदा कंपनीचे चिन्ह जपतो. कंपनीनेच बनवलेली खरीखुरी दुकानी जर्सी कोणी ‘सामन्यातील’ म्हणून विकली, तर चिन्ह खोटे नसतेच. तेथे फसवणुकीचे कलम लावावे लागते, आणि विधान खोटे असल्याचे विक्रेत्याला ठाऊक होते हे सिद्ध करावे लागते. चार हात बदललेल्या जर्सीच्या बाबतीत ते सिद्ध करणे किती अवघड, हे सांगावयास नको.

महाविद्यालयीन आणि स्थानिक सामने

आंतरराष्ट्रीय सामन्यांची हजारो छायाचित्रे उपलब्ध असतात. खरी अडचण आहे ती महाविद्यालये, विद्यापीठे आणि तालुका-जिल्हा पातळीवरील संघांची. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५-३६ पासून खेळली जाते आणि तिच्यातून पुढे आलेले खेळाडू भारताकडून खेळले. त्यांच्या विद्यापीठीय पोशाखाचे काय झाले? महाविद्यालयाची जर्सी ही बहुधा संस्थेची मालमत्ता असते. जिमखान्याकडून ती हंगामाच्या आरंभी मिळते, हंगाम संपला की परत घेतली जाते आणि पुढच्या वर्षी तोच क्रमांक दुसऱ्या मुलाच्या अंगावर जातो. अमेरिकी महाविद्यालयांतही जुन्या जर्सी सरावासाठी वा दुय्यम संघासाठी वापरल्या जात, त्यामुळे एकाच जर्सीवर अनेकांच्या वापराच्या खुणा सापडतात. अशा जर्सीवरचा ७ हा आकडा एका खेळाडूचे नाव सांगत नाही, तो पाच-सहा नावांची यादी पुढे ठेवतो. त्यांतून एक नाव निवडावयाचे असेल तर जिमखान्याची वाटपवही, डेड स्टॉक रजिस्टर आणि वार्षिक अंकातील संघाचे छायाचित्र यांवाचून गत्यंतर नाही. हे रजिस्टर अनेक ठिकाणी निर्लेखनानंतर रद्दीत जाते. कपाटातील चषक टिकतात आणि त्यांचा अर्थ सांगणारी वही जाते, असा हा उलटा न्याय आहे.

भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून कार्यरत आहे. बागायतदाराला तेथे जो प्रश्न पडतो, तो या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. उत्तम बाणवली माडाचे रोप आणि बाजारात कोठूनही आणलेले रोप शेजारी ठेवले, तर बुंध्याची जाडी, पानांची संख्या आणि पानांचे फुटणे यांवरून सशक्त रोप निवडता येते, अशक्त रोप बाजूला काढता येते. ते रोप कोणत्या माडाचे आहे, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात आणि तोवर विक्रेता समोर नसतो. म्हणून मातृवृक्ष निश्चित करतात, त्याच्या उत्पन्नाची वर्षानुवर्षे नोंद ठेवतात आणि रोपाची किंमत त्या नोंदीवर ठरते. कोकणातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आंब्याच्या पेटीवरील नाव आणि पेटीतील आंबा यांचा संबंध तपासण्याची सवय त्याला आहेच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच गरजेतून.

जिल्हा पातळीवरील एखाद्या संघाला हे सहज करता येईल. अंतिम सामन्यानंतर जर्सी वेगळी काढावी. सामन्याचा दिनांक, मैदान, प्रतिस्पर्धी संघ, खेळाडूचे नाव आणि त्याने केलेली कामगिरी वहीत लिहावी. जर्सीची पुढची व मागची बाजू, शिवणी आणि डाग यांची छायाचित्रे घ्यावीत. खेळाडू आणि पंच यांच्या सह्या वहीत घ्याव्यात, जर्सीवर नव्हेत. त्यानंतर ती कोणाकडे गेली तर तोही दिनांक त्याच पानावर चढवावा. ही नोंद त्याच सायंकाळी, जर्सी धुण्यास टाकण्यापूर्वी, करावी लागेल.